ओवाळून टाकायच्या गोळ्या

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, बाकी जे शिकलो ते पलटणीच्या लंगरात, रोट्या शेकता शेकता. म्हणून कुणी शिकवायला आलं की मला आधी राग येतो, समजतं मागाहून.

त्या थंडीत आमची मंडळी छातीच्या दुखण्यातून उठली. डॉक्टरांनी मध्येच औषध बदललेलं, त्यामुळे पिशवीभर गोळ्या उरल्या. माझं ठरलं होतं: तिच्यावरून ओवाळून यमुनेत सोडायच्या. दुखण्याची वस्तू घरात राहिली की दुखणं परत येतं. ऑक्सिजनची नळी लावलेली तिला मी पाहिली होती. पुन्हा पाहायची नव्हती. आणि उतारा वाहत्या पाण्यातच सोडतात. दिल्लीत वाहतं पाणी म्हणजे यमुना, मग तिच्यावर फेस का असेना.

सूनबाई नोएडात पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, यमुनेत नको, प्लीज. नाल्याच्या पाण्यात आम्हाला औषधं सापडतात, शाम्पू-क्रीमसुद्धा. प्लांटमध्ये पाणी साफ केलं तरी ती पूर्ण निघत नाहीत."

"एवढी मोठी नदी. माझ्या एका पिशवीनं काय होतंय?"

"सगळे हेच म्हणतात, बाबा."

"सगळ्यांच्या बायका मरता मरता वाचल्यात का?"

मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पलंगावरून मंडळी बोलली, "अहो, परवाचा पालक कुठून आणलात?"

"नदीकाठच्या शेतातून. ताजा असतो."

"छान! म्हणजे माझी इडापिडा नदीत सोडा, आणि पालकाच्या भाजीतून परत मलाच वाढा."

सूनबाई ओढणीत तोंड लपवून हसली. मला हसू आलं नाही. फिरून घरात येतो तो उतारा कसला?

"मग टाकायच्या कुठं?" मी भिंतीकडे बघत विचारलं.

"हॉस्पिटलात देता येतात. त्यांच्या कचऱ्याबरोबर भट्टीत जाळतात."

भट्टीत. दृष्ट काढल्यावर मीठमोहऱ्या आपण विस्तवातच टाकतो की! पाणी नाही तर आग चालते. हे मी सुनेला बोललो नाही. "बघू," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, पिशवी तिच्यावरून ओवाळली आणि मेट्रोनं हॉस्पिटल गाठलं. औषधाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "अंकल, रख दो." मी पिशवी सोडेना. "पहले बताओ, जलाते हो ना?" तो हो म्हणाला, तेव्हा दिली.