छातीतलं यंत्र

राज्याची वाटणी झाली तेव्हा आमचे हे हैदराबादला सचिवालयात होते. भरपूर गोळ्या घेऊनही त्यांचं ब्लडप्रेशर उतरेना, म्हणून डॉक्टरांनी छातीत एक यंत्र बसवलं होतं. त्याची तार मानेतल्या मज्जातंतूला हलके झटके द्यायची आणि प्रेशर ताब्यात राहायचं.

पुढं ह्यांची बदली विजयवाड्याला, वाटणीतल्या दुसऱ्या राज्यात झाली. मी हैदराबादेत, काचीगुड्यातल्या घरीच राहिले.

"यंत्राची बॅटरी संपत आलीय, डॉक्टर बोलावतायत," मी फोनवर म्हणाले.

"फायलींची वाटणी उरकली की येतो. तू परेशान होऊ नकोस."

पुढच्याच आठवड्यात ते ऑफिसात कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

नंतर बॅटरी बदलली. आता प्रेशर अगदी छान असतं. मी पेज भरवते, पण ते मला ओळखत नाहीत.