मुठीनं दाणा

महाराष्ट्र नुकता झाला होता, आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी इतकी शहाणी झाले होते की सासूला बकऱ्या पाळता येत नाहीत, हे मला कळून चुकलं होतं.

माझं पहिलं लेकरू अंगावर दूध नाही म्हणून गेलेलं. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा सासूनं पोळा झाल्यावर बकरीला बोकड दाखवला. म्हणजे माझ्याआधी महिनाभर ती व्यायची आणि तिचं दूध माझ्या लेकराला.

चारा माझ्याकडे. बोरीचा पाला, तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा. दाणा मात्र सासूच्या मुठीनं, सकाळी एक, संध्याकाळी एक. शेवटच्या महिन्यात बकरीचं पोट वाढलं अन् खाणं घटलं. मी निदान केलं, म्हातारी चिकट आहे. सासूला म्हटलंही,

"मामी, पोटुशी हाये थे. मुठीनं काय होते?"

"पोटुशी हाये म्हणूनच. आत पिलं बसले, चाऱ्याले जागा कुठी राह्यली? चारा घडीघडी द्यावा, थोडा थोडा, अन् दाणा मुठीनंच. तुले जास्त समजते का मले?"

मलाच समजत होतं ना.

सासू मेहकरच्या बाजाराला गेली, तशी मी कोठीतून टोपलंभर ज्वारी काढली, वर गुळाचा खडा ठेवला, बकरीला कुंकू लावलं. डोहाळे पुरवत होते, दुसरं काय. गाणंही म्हटलं असेल, नाही म्हणत नाही. तिनं टोपलं चाटून पुसून खाल्लं आणि वर पाणी प्यायलं.

दुपारी तिची डावी कूस तटतटून फुगली. ती दात खाऊ लागली. सासू आली, तिनं हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

"काय चारलं वं इले?"

"थोडी जवारी."

"किती थोडी?"

मी टोपल्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

गोडेतेल पाजलं, कूस चोळली, दोघींनी दोन्ही बाजूंनी टेकू देऊन तिला उभं धरलं. दिवस मावळताना तिनं मान टाकली. पोटातली पिलं त्यानंतरही जरा वेळ हलत होती. माझा हात तिथेच होता.

सासू ओरडली असती तर बरं झालं असतं. "हात धू अन् जेवून घे," एवढंच म्हणाली.

मला लेक झाली. याही खेपेला दूध नाही. ज्याची बकरी व्यायलेली, त्याच्या दारी सासू रोज लोटा घेऊन जायची. कधी मिळायचं, कधी रिकामा लोटा परत. ऊन तापेपर्यंतच लेक जगली. बकरीचा विषय सासूनं मरेपर्यंत काढला नाही.

आता माझ्या गोठ्यात दोन बकऱ्या गाभण आहेत. दाणा मी मुठीनंच घालते. म्हातारपणी मूठ आखडली, म्हणून वर अर्धी जास्त टाकते. सून शेजारणीला सांगते, बुढी लय चिकट हाये. मला ऐकू येतं. कोठीची किल्ली माझ्या कमरेला असते, आणि बाजाराच्या दिवशी मी घर सोडत नाही.