उणे दोन पोळ्या

चहा हातात घ्या आणि जरा टेकून बसा. हसायचं तिथे खुशाल हसा, मी वाईट वाटून घेणार नाही.

वर्ध्याला कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझी मुलींची मेस आहे. बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत माझ्या दारातून एकच पोरगी उपाशी परत गेली. आणि ती ज्या संध्याकाळी गेली, त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात साठ माणसांचं जेवण तयार होतं! आता बोला.

तशी सुरुवात पौर्णिमाने केली. नाही, उगाच लेकराचं नाव कशाला घेऊ, करणारी मीच. पौर्णिमा सिंदी रेल्वे गावची, बीबीएच्या पहिल्या वर्षाला. एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "काकू, आमाले एक नवा पेपर हाये. मॅनेजमेंट इन्फॉर्मेशन सिस्टीम."

मी दहावी शिकलेली. एवढं लांब नाव ऐकून तव्यावरची पोळी करपली.

"म्हणजे काय वं?"

"म्हणजे पाहा, ज्याले काही ठरवाचं हाये, त्याले बरोबर माहिती बरोबर टायमावर भेटली पाह्यजे. थे कसं कराचं, थे शिकवते."

"अन् त्याच्यासाठी कॉलेज लागते?"

"लागते नं जी! सरनं सांगतलं, एखादी खरी जागा घ्या अन् तिची सिस्टीम बनवा. आमच्या गटानं तुमची मेस घेतली."

माझी मेस! विद्यापीठाच्या अभ्यासात! संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्या माहेरगावी आंजीला फोन करून सांगितली, शेजारी सांगितली, दूधवाल्याला दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा वही घेऊन माझी मुलाखत घ्यायला बसली.

"काकू, आज कोण किती जेवन, हे तुमाले कसं समजते?"

"सकाळी पोहे खाताना तोंडं पाहते नं तुमची."

"तोंडाले पाहून काय समजते?"

"कोण गावाले जाणार, कोणाचा उपास, कोणाचं पोट बिघडलं, कोण रडली. बावीसच तं हाय तुमी."

पौर्णिमाने बराच वेळ पेन चावलं. "काकू, तोंड कोणत्या रकान्यात टाकू?"

त्याचं उत्तर तिच्या पुस्तकातही नव्हतं. मग पोरींनी मोबाईलवर एक फॉर्म केला. प्रत्येकीने दुपारी बाराच्या आत त्यात नाव टाकायचं, पोळ्या किती, भात किती, आणि काही वेगळं हवं असेल तर 'विशेष सूचना'. बारा वाजले की सगळी यादी माझ्या मोबाईलवर हजर.

पहिले चार दिवस काय मजा आली म्हणता! पोळी उरली नाही, पोळी कमी पडली नाही. मी अशी फुलले की विचारू नका. दारावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, 'तोंडी निरोप बंद. मोबाईलात टाका.' आमच्या ह्यांनी दुपारी विचारलं, "अवो, चहा भेटन का?" तर मी म्हणते, "बाराच्या आत टाकलं होतं का?"

ते बिचारे चहा प्यायला बाहेर गेले.

पाचव्या दिवशी पौर्णिमा घाईघाईत आली. "काकू, उद्या टेस्ट हाये. चाळीस जण टाकून राह्यलो. पोरींचा फॉर्म उद्याच्या दिवस बंद ठेवतो. सरले दाखवाचं हाये जी. तुमी फक्त पाहजा, बरोबर येते का." आणि गेली.

आता तुम्हीच सांगा. ज्या बाईचा जन्म गॅसपुढे गेला, तिला 'टेस्ट' म्हटलं की काय ऐकू येईल? 'काकू, आज भाजीले काय टेस्ट आली!' हीच ना टेस्ट? मला वाटलं, चाळीस माणसं माझ्या हातची चव बघायला येताहेत. सरांसकट! आणि पोरगी सांगून गेली, चव बरोबर येते का तेवढं पाहा.

दुसऱ्या दिवशी बाराला यादी आली. टेस्ट १, टेस्ट २, टेस्ट ३… थेट टेस्ट ४०. नाव एकाचंही नाही. मला शंका आली का? आली ना. पण लगेच फिटली. दहावीच्या पेपरावर आपण तरी कुठे नाव लिहितो? नंबरच लिहितो. तपासणारे-तपासले जाणारे, कोणाचं नाव कोणाला कळू नये, हीच तर परीक्षेची रीत.

टेस्ट ७ ला पोळ्या हव्या होत्या पंचवीस. असतो एखादा खाणारा. टेस्ट १२ ने विशेष सूचनेत लिहिलं होतं, 'कखगघ'. म्हटलं, सोबत लहान मूल असेल, त्याने मोबाईल ओढला असेल. आणि टेस्ट २३ पुढे होतं, 'पोळ्या : उणे दोन'.

यावर मात्र मी बराच विचार केला. उणे दोन पोळ्या कशा वाढायच्या? शेवटी लक्षात आलं, हे कोणी पथ्याचे गृहस्थ असणार. दोन पोळ्या घरून आणतील.

ह्यांना कणीक मळायला बसवलं.

"अवो, पण चाळीस माणसं येऊन कोण राह्यले?" ह्यांनी कणकेत कोपरापर्यंत हात घातल्या घातल्या विचारलं.

"विद्यापीठाचे."

"विद्यापीठाले जेवाले नाई भेटत?"

"तुमी मळा!"

शेजारून मोठा गंज आणला. पाटवडीचा रस्सा टाकला, सांबारवडी, म्हणजे तुमची कोथिंबीरवडी, केली, कढी केली. घाम डोळ्यांत जात होता. पाचच्या सुमारास मी पाटवड्या कापत होते आणि मागून आवाज आला, "काकू…"

वैष्णवी. आर्वीकडची, रोहण्याची. सगळ्यात कमी बोलणारी पोरगी.

"काकू, माह्यासाठी थोडा नरम भात टाकता का जी? कालपासून अंग तापून राह्यलं. गोळ्या देल्ल्या, पण डॉक्टर म्हणे उपाशीपोटी घेऊ नोको."

मी मान वर केली नाही. पाटवडी वाकडी कापली गेली असती ना!

"मोबाईलात टाक बाई. तोंडी बंद हाये आता."

"टाकून पाह्यलं जी. जाऊन नाई राह्यलं."

"मग पौर्णिमाले सांग. आज माही मोठी परीक्षा हाये वं. चाळीस जण हायेत."

ती म्हणाली, "बरं जी." आणि गेली.

मूठभर तांदूळ. एक शिट्टी जास्तीची. एवढंच काम होतं हो ते!

साडेसातला पोरी जेवायला आल्या. पौर्णिमा पुढे होती. ओळीने मांडलेली ताटं, गंजभर रस्सा, पोळ्यांची चळत पाहून ती दारातच थांबली. "काकू, कोणाचं लगन हाये?"

"लगन नाई, तुमचे टेस्टवाले! कवा येऊन राह्यले? पोळ्या निवून राह्यल्या."

"कोणते टेस्टवाले?"

"चाळीस जण. तूनंच तं टाकले."

पौर्णिमाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "काकू… थे माणसं नाई जी. सिस्टीम बरोबर चालते का नाई, हे पाह्याले खोटी नावं टाकली आम्ही. टेस्ट म्हणजे तपासणी."

"खोटी?"

"सगळी."

"अन् थो पंचवीस पोळ्यांचा?"

"खोटा."

"अन् उणे दोनवाला? पथ्याचा?"

"थे मीच होती जी. चुकीचा आकडा टाकला तं सिस्टीम अडवते का, थे पाहून राह्यली होती."

सिस्टीमने अडवलं नव्हतं. मीही नाही.

मग काय हसल्या पोरी! एक तर पोट धरून खालीच बसली. आमचे हे आतून म्हणाले, "उणे दोन पोळ्या मले वाढ, मी मोजून खाईन." मीही हसले, खोटं कशाला सांगू. पोरींनी डबे भरभरून गल्लीत वाटले. ज्या घरी आमचं बोलणं नव्हतं, त्या घरीसुद्धा त्या दिवशी पाटवडीचा रस्सा गेला. आणि त्या हसण्यात, त्या वाटपात मी जेवलेल्यांची ताटं मोजली नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी पोह्यांना एकवीस जणी आल्या.

"वैष्णवी काऊन नाई आली?"

तिच्या खोलीतली पोरगी म्हणाली, "थे तं पहिल्या बसनं रोहण्याले गेली, काकू. काल बिस्किटावर गोळी घेतली. लय उलट्या झाल्या. मंग रातीच बाबा आले घ्याले."

माझ्या हातातला झारा पोह्यांतच राहिला. मी बाहेर गेले आणि दारावरचा कागद नखांनी खरवडून काढला. चांगलाच चिकटवला होता मी, सहज निघेना.

दुपारी तिला फोन केला. म्हटलं, बाई, माझं चुकलं. तर ती काय म्हणाली माहीत आहे? "नाई जी काकू, तुमाले काम होतं." तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी ते गिळून मोकळी झाले असते. हे एक वाक्य काही खाली उतरेना.

आठवड्याने ती परत आली. गालफडं बसलेली. तिने काही विचारायच्या आत मी तिच्यापुढे मऊ भात, पातळ वरण आणि तूप ठेवलं. तिचा ताप केव्हाच उतरला होता, तरी मुकाट्याने खाऊ लागली. तेवढ्यात पौर्णिमा फाईल नाचवत आली.

"काकू, सर खूश झाले! म्हणे सगळ्यांनी आपली सिस्टीम कशी चांगली हाये थे लिहिलं, फसली कशी, थे तुमीच लिहिलं."

"वाच बरं मले."

तिने शेवटचं पान काढलं. "'तपासणीच्या दिवशी एक खरी विद्यार्थिनी जेवणाविना राहिली. कारण, यूजर एरर.'"

एरर म्हणजे चूक, एवढं मला कळतं. माझ्या मोबाईलवर ते सारखंच येतं. पण हा यूजर? आठ दिवस मी मनातल्या मनात कुढत होते, आणि दोषी माणूस असा नावानिशी लिहून ठेवलेला! मी हातातलं भांडं आपटलं.

"कोण हाये हा यूजर? तुमच्या गटातला हाये का? आन त्याले माह्यासमोर! पोरगी तापानं फणफणून राह्यली, अन् यानं मान वर करून पाह्यलं नाई? मायबापानं काही शिकोलं का नाई त्याले?"

पौर्णिमाने फाईल मिटली, बाकीच्या पोरी आपापल्या ताटात पाहू लागल्या.

वैष्णवीने घास खाली ठेवला आणि अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, "काकू, यूजर म्हणजे तुमीच जी."