माझ्यापुरती हमी

आप्पा गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं लातूरहून केला. “बाई, आप्पा लिंगैक्य झाले. सकाळच्या पूजेला बसले होते, तळहातावर इष्टलिंग तसंच होतं...” फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. रडू आलं ते नंतर. आधी मनात आलं ते असं की, बरं झालं, गयाबाईचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. असं वाटणं योग्य की अयोग्य, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. आता काही आठवडे उलटल्यावर वाटतं की आप्पांनाही ते आवडलं असतं.

आप्पा आमच्या नात्यातले नव्हते. लातूरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि नांदेडचं आमचं राहतं घर आम्ही त्यांच्याकडून विकत घेतलं, एवढाच संबंध. घर देणारा आणि घेणारा यांची ओळख रजिस्ट्रीच्या दिवशी संपते. आमची त्या दिवशी सुरू झाली, तीही भांडणानं. दस्तलेखकानं नेहमीचा मजकूर वाचून दाखवला. मिळकत निर्वेध आहे, पूर्वी कोणाचाही हक्क-हितसंबंध असल्यास निवारण करण्याची जबाबदारी लिहून देणाराची, वगैरे. आप्पांनी पेन खाली ठेवलं. “हे खोडा. मी घेतल्यापासून ह्या जाग्यावर बोजा न्हाई, कुनाला शब्द दिलेला न्हाई. तेवढी माझी हमी. माझ्या आधीचं मी कसं सांगू? मला इकणारा म्हनला, मी बापाला एकटाच. मागून शेजारची म्हातारी म्हनली, त्याला बहीन हाय. कुठं दिली, तिला ठावं न्हाई. मला बी न्हाई.” दस्तलेखक हसला. म्हणाला, असं कुणी लिहून देत नाही आणि घेतही नाही. माझे थोरले दीर सोबत होते. ते म्हणाले, “म्हणजे छत्री द्यायची आणि सांगायचं, ऊन असलं तरच उघडा.” आप्पा शांतपणे म्हणाले, “छत्रीला भोक हाय ते सांगून देतोय, पाव्हनं. दुसरा न सांगता देईल.” माझ्या यजमानांना ते पटलं. मला पटलं नव्हतं, पण ग्रंथालयातल्या नोकरीत गप्प राहायची सवय झालेली असते. मजकूर बदलला आणि आम्ही सही केली.

त्यानंतर आप्पा नांदेडला आले की घरी यायचे. चहा घ्यायचे, भिंतीला ओल आली का विचारायचे, नव्या शेजाऱ्यांची नावं विचारायचे. वर्षं गेली तशी ती बहीण आम्ही जवळजवळ विसरलो. मग आमची मुलगी, मेघा, तिच्या लहानग्याला घेऊन कायमची परत आली. तिला दुसरा आसरा नव्हता. घर तिच्या नावावर करून द्यायचं आम्ही ठरवलं आणि वकिलांनी दस्त वाचून चष्मा काढला. “उद्या त्या बहिणीची मुलं उभी राहिली तर ही मुलगी एकटी कोर्टात जाईल. विकणाऱ्यावर तुम्ही जाऊ शकत नाही, त्यांनी हात राखून लिहिलंय. बहीण शोधा, तिची संमती आणा.” त्या रात्री मेघा एवढंच म्हणाली, “आई, मला पुन्हा कुठून उठावं लागू नये, बस.”

मी आप्पांना फोन केला तो मदत मागायला नव्हे, बहुधा बोल लावायला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “बघतो.” कागदानुसार त्यांच्यावर काहीच बांधीलकी नव्हती. तरी भोकरच्या बाजारात भांडी नेणाऱ्या ओळखीच्या दुकानदारांमार्फत विचारत विचारत त्यांनी गयाबाईला शोधून काढलं. भाऊ केव्हाच वारला होता, त्याच्यामागे कुणी नव्हतं. आप्पा, मेघा आणि आम्ही दोघं, असे चौघं भोकरजवळच्या तिच्या गावी गेलो. गयाबाई कापूस निवडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, “जागा इकली तवा मला कुनी इचारलं न्हाई. अन् भावामाघारी नागपंचमीला म्हायेरी आनायला बी कुनी आलं न्हाई. कुठं करायची सही?” मी पर्समधून पेन काढलंसुद्धा. तेवढ्यात आप्पा म्हणाले, “थांब बाई, आधी ऐक. बापाच्या जाग्यात तुझा बरोबरीचा वाटा होता. आज तू न्हाई म्हनलीस तर ह्या लेकीला कोर्टात जावं लागंल, अन् तू जिंकशील बी. पोराला इचार, वकिलाला इचार, मग सांग.” मेघाचा चेहरा मला अजून आठवतो. परतताना यजमान न राहवून म्हणाले, “आप्पा, तुम्ही आमच्या बाजूचे की तिच्या?” “मी माझ्या बाजूचा,” आप्पा म्हणाले. “आज तिची आंधळी सही घेतली तर ती माझ्या काळातली गोष्ट झाली. मग तिची हमी मला द्यावी लागंल.”

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. वाट्याचं काय ते सांगा, जमेल तसं देऊ, असा निरोप यजमानांनी गयाबाईच्या मुलाकडे धाडला. उलट गयाबाईच मुलाला घेऊन नांदेडला आली. वकिलाला विचारून आली होती. म्हणाली, “पैसा नगं. दरसाल पंचमीला मला आनायला यायचं. त्या जाग्यात माझा जन्म झाला.” साडीचोळीवर बायकांनी वाटे सोडायचे, ही रीत मला कधी पटली नाही, आजही पटत नाही. पण हे तिनं सगळं कळून मागितलं होतं, आणि तिला नको म्हणणारी मी कोण? तिच्या संमतीचा कागद करायला आम्ही आप्पांसह कचेरीत गेलो, तेव्हा दस्तलेखक म्हणाला, पंचमी दस्तात बसत नाही. “नगं बसू दे,” आप्पा म्हणाले, “गयाबाई, त्याची हमी माझी.” गयाबाईनं पदरात तोंड लपवलं. “तुमची हमी अर्धीच असती म्हनं.” त्या दिवशी कचेरीत पहिल्यांदा कुणी हसलं असेल तर त्या वेळी. आप्पाही हसले. “ही पुरी हाय,” म्हणाले.

गेल्या पंचमीला आप्पा लातूरहून निघून भोकरला गेले आणि तिला स्वतः घेऊन आले. तोवर घर मेघाच्या नावावर झालं होतं. जेवून पाठ टेकल्यावर ते म्हणाले, “बाई, आता मला ह्या घराचं काही बघायचं राहिलं न्हाई.” थोड्या वेळानं घोरायलाही लागले. आमच्याकडे इतके गाढ ते कधी झोपले नव्हते.

यंदाची पंचमी आप्पांशिवायची पहिली. मी आणि मेघा भोकरच्या गाडीला बसलो तेव्हा मनात धाकधूक होती. गयाबाई पिशवी भरून ओट्यावर बसली होती. आप्पांचं तिला कळलं होतं. पिशवी मेघाच्या हातात देऊन ती उठली. घरी आल्यावर मेघानं उंबऱ्यात तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आत येऊन गयाबाई स्वयंपाकघराच्या दारात टेकली. ओट्यावरची विळी तिनं आधी बाजूला ठेवायला लावली, आज काही चिरायचं नसतं म्हणून. मग मेघाला म्हणाली, “घर तुझ्या नावावर झालं नव्हं? मग आता आईला कशाला हिंडवतीस? फुडल्या साली तू एकटीच ये.”

“येते, आत्या,” मेघा म्हणाली.

पुरणाच्या दिंडांना वाफ आली होती. मी गॅस बारीक केला.