चार बोटं कमी भरलेला हामूर

शारजाहून पहाटे निघालो तेव्हा गाडीत गळ, बर्फाची पेटी आणि भावोजींचं ज्ञान एवढा ऐवज होता. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका कंपनीत मॅनेजर. फुजैरापर्यंतच्या उघड्या, तपकिरी डोंगरांतून त्यांनी मला मासेमारीचे नियम शिकवले. सार एकच : त्यांच्याकडे लायसन्स होतं, फोटोसकट. मी कोकणातल्या हर्णै बंदराचा, त्यांच्याकडे पाहुणा आलेला; मुकाट ऐकत होतो.

धक्क्यावर बोटवाले रशीदभाई भेटले. मूळचे दाभोळचे, वीस वर्षं इथे. मी गाववाला निघालो म्हणून त्यांनी सुलेमानी (बिनदुधाचा चहा) पाजला. मग बोटीतली मोजपट्टी दाखवून सांगितलं, हामूर (आपला हेकरू) या खुणेपेक्षा आखूड भरला तर परत पाण्यात. भावोजींनी हात झटकला. “यल्ला, चला. आय नो द रूल्स.”

बाहेर तेलाची जहाजं नांगर टाकून उभी होती. दोन तास भावोजींनी माशांना नुसतं जेवू घातलं. मग एक हामूर लागला. सात फोटो झाले. पट्टीवर ठेवला तर चार बोटं कमी. भावोजींनी शेपटी ओढून पाहिली. नियम वाकत नसेल तर मासा ताणावा, हे मॅनेजरी डोकं. रशीदभाई नांगराकडे वळताच त्यांनी तो पेटीत बर्फाखाली सारला, वर स्वतः बसले आणि मला डोळा मारला.

मासा कुठे, असं रशीदभाईंनी विचारलं. सोडला, भावोजी म्हणाले. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जहाजं पाहू लागलो.

त्यांनी इंजिन बंद केलं. “साहेब, तुम्ही दंड भरून सुटाल. माझं परमिट जाईल. तो बाहेर काढा, तोवर बोट हलणार नाही.”

भावोजींनी बोटीच्या अरब मालकाकडे तक्रारीची धमकी दिली, मग हबीबी म्हणून गोंजारून पाहिलं. रशीदभाई ढिम्म. ऊन चढलं. शेवटी भावोजींना उठवून पेटी मीच उघडली. न्यायाची चाड म्हणून नव्हे. पाण्याच्या बाटल्या त्यातच होत्या. मासा मेला होता. समुद्रात टाकला तसा पोट वर करून तरंगला, आणि एका पक्ष्याने उचलून नेला.

धक्क्यावर खरोखरच मासेमारी खात्याचा तपासनीस उभा होता. पेटी रिकामी पाहून तो जाऊ लागला, तर भावोजींनी त्याला थांबवून लहान मासे सोडण्याचं महत्त्व समजावलं. तो अदबीने शुक्रन (आभार) म्हणाला. रशीदभाई बोट धूत होते. मी निरोप घ्यायला गेलो. त्यांनी मान वर केली नाही.

आठवड्याने हर्णैला घरी परतलो. भावोजींची फजिती चार घरी रंगवून सांगितली. पाचव्या दिवशी हर्णै बंदरावर गेलो, तर टोपल्यांत तळहातापेक्षा लहान पापलेटं आणि सुरमईची पिल्लं. तिथे पट्टी घेऊन इंजिन बंद करणारं कुणी नव्हतं. ओळखीच्या मावशी म्हणाल्या, “घ्या दादा, कोवळी आहेत.”

मी पिशवी पुढे केली.