पपईवाल्या भागीरथीची जीभ

भागीरथीला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या: पपई ओळखणारा हात आणि तोंडात न मावणारी जीभ. हातामुळे तिला नोकरी लागली. जिभेमुळे ती नोकरी अधूनमधून जायला निघायची.

बदलापूरला कात्रपमध्ये नवं सुपरमार्केट उघडलं ते २००६ साली. तोवर भागीरथी अंबरनाथ पूर्वेला रस्त्याकडेला टोपली घेऊन बसायची. आता अंगावर हिरवा एप्रन आला, डोक्यावर पंखा आला. पपया मात्र तिने आपल्याच पद्धतीने मांडल्या. खाली रद्दी पेपर, पपयांची पिवळी बाजू वर, आणि पुढे एक अर्धी कापलेली, काळ्या बियांसकट, म्हणजे बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. कुणी अंगठ्याने दाबून बघितलं की ती ओरडायची, "अंगठा बँकेत लावा हो, इथे नको!" मग विचारायची, "आज खायची का परवा?" आणि तशी पपई उचलून हातात द्यायची.

बोलल्याशिवाय तिला करमत नसे. नवरा आनंदनगरच्या कारखान्यात पाळीवर. घरी यायचा, जेवायचा आणि घोरायचा. मुलगी सासरी गेलेली. तेव्हा सगळं बोलणं दुकानातच उरकावं लागायचं. एकदा तिने एका गृहस्थांना बायकोदेखत विचारलं, "कालची संपली पण?" कालची पपई घरी पोचलीच नव्हती! ती मग कुठे पोचली यावरून त्या घरात जे व्हायचं ते झालं, आणि तक्रार आली मॅनेजरकडे.

मॅनेजर चिंतामणी वयाने तिच्या भाच्याएवढा, पण हुद्द्याने साहेब. तो म्हणाला, "मावशी, परत एक कंप्लेंट आली ना, तर तुम्ही मागच्या खोलीत. डाळीची पाकिटं भरायची. तिकडे कस्टमर नाय, काय नाय."

दिवसभर तूरडाळीशी काय बोलणार माणूस? भागीरथीने कानाला खडा लावला आणि जीभ आवरली. चांगली महिनाभर आवरली.

आणि नेमकी तेव्हाच वैष्णवीने पपई सोडली. वैष्णवी दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन कात्रपला आलेली, ऑफिसला जाणारी मुलगी. दिवसाआड एक पपई न्यायचीच. आता मात्र भाजी घ्यायची आणि पपयांकडे न बघता बिलाच्या रांगेत उभी राहायची. आपल्याकडे बाईला दिवस गेले की पहिली बंदी येते ती पपईवर. यावरून भागीरथीने आजवर दोन घरांतल्या गोड बातम्या सासूच्या आधी ओळखल्या होत्या. हीही ओळखली, आणि कुणाला सांगितली नाही. सांगायची नाही म्हणून बिचारीला जेवण गोड लागेना.

एका सकाळी वैष्णवीच्या सासूबाई, राजाबाई, स्वतःच दुकानात आल्या.

"आली का पपई एकदाची! पंधरा दिवस तुमच्याकडे मालच नाही म्हणे. आमच्या वैष्णवीला जीव की प्राण आहे हो पपई. रोज नुसती भाजी घेऊन येते बिचारी."

"माल नाही? माल रोज येतो काकू," भागीरथी म्हणाली, आणि इथे महिनाभराचा बांध फुटला. "अहो, सूनबाईंनी पपई सोडलीय! आता तुम्हीच काय ते समजा. आजी होणार तुम्ही!"

राजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, घेतलेली कोथिंबीर तिथेच टाकली आणि तडक मिठाईवाल्याचं दुकान गाठलं.

संध्याकाळी वैष्णवी धापा टाकत आली. "मावशी, काय सांगून बसलात तुम्ही? घरात पाय टाकला तर सासूबाईंनी तोंडात पेढाच कोंबला! बिल्डिंगभर वाटून झालेत. मला काही नाहीये हो. पपईचा कंटाळा आला म्हणून थाप मारली मी, दुकानात नाही म्हणून. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

तोवर राजाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन दारातून आत आल्यासुद्धा. पहिला पेढा त्यांनी चिंतामणीच्या हातावर ठेवला. "घ्या साहेब. तुमच्या या बाईंमुळे कळलं मला."

चिंतामणीने पेढा तोंडात टाकला आणि भागीरथीकडे रोखून बघितलं. गप्प बसली असती तर निभावलं असतं; घरचं घरात काय ते झालं असतं. पण वैष्णवीचे डोळे भरले होते, आणि ते भागीरथीला बघवेना.

"काकू, चूक माझी झाली," ती म्हणाली. "गोड बातमी वगैरे काही नाही. पोरीला पपईचा कंटाळा आलाय फक्त. मीच अक्कल पाजळली."

राजाबाईंचा चेहरा पडला. त्यांना फार लागलं ते. किती दिवस वाट बघत होत्या. मग त्या सुनेकडे वळल्या. "कंटाळा? अगं, तुला तर पपई आवडते ना?"

"मला कुठे? तुम्हाला आवडते म्हणून आणते मी. लग्नानंतर पहिल्यांदा आणली तेव्हा तुम्ही दोन फोडी मागून घेतल्यात."

"नवी सून हौसेने आणते, नाही कसं म्हणू? मला त्या पपईचा वासही सोसत नाही! दोन वर्षं नाक दाबून गिळतेय मी, तुझ्यासाठी!"

दोघी एकदम हसत सुटल्या. राजाबाईंचे डोळे अजून ओले होते, पण हसू काही थांबेना. "नातवंडाचं बघू सावकाश," त्या म्हणाल्या. "घे, तूही खा पेढा."

चिंतामणीने घाईघाईने तोंडातला पेढा गिळला. "काकू, सॉरी हां. यांना मी आधीच वॉर्निंग दिली होती. तुमची कंप्लेंट असेल तर बोला, उद्यापासून यांना आत बसवतो."

भागीरथी मान खाली घालून एप्रनची गाठ सोडायला लागली.

"आहे तर कंप्लेंट!" राजाबाई म्हणाल्या. "एवढी बोलते ना ही बाई? मग दोन वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं, पपई आवडते का म्हणून! आत कसली बसवता तिला? आणखी बोलायला सांगा."