सूर्यमाळला सोनी ओ देत नाही

लहानूचा फोन आला तेव्हा मी साखरशेतला अंगणात नागली पाखडत होते. "मावशी, आई भ्रमली," म्हणाला. लहानू माझ्या धाकट्या बहिणीचा, सोनीचा मुलगा. भिवंडीला गोदामात हमाली करतो. सोनी सूर्यमाळच्या पाड्यावर एकटी राहते. उन्हाळ्यात तिथल्या विहिरीत टँकर पाणी ओततो, आणि चेंगराचेंगरी नको म्हणून बाया पाळीनं भरतात. जिची पाळी आली तिच्या घरातला फोन तिला नावानं हाक मारतो. सोनीनं अशा चार पाळ्या घालवल्या. फोन बोलतो आणि ही दार लावून बसते.

"अजून एक चुकली की मी तिला खोलीवर आणतो," लहानू म्हणाला.

ती खोली मी पाहिली आहे. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत आत येते. सोनी तिथे एक पावसाळा काढायची नाही.

गंमत अशी की तो हाक मारणारा प्रोग्राम माझ्याच नातीनं केलेला. मनीषा, म्हणजे मनी, ठाण्याला एका कंपनीत आहे आणि तेव्हा चार दिवस सुट्टीवर आली होती. मी म्हटलं, "तुझ्या यंत्रापायी माझी बहीण भिवंडीला चालली. ऊठ." हे सगळं मी सांगते आहे आणि टाइप तीच करते आहे. मला अक्षर येत नाही. तिनं मध्ये स्वतःची स्तुती घुसडली तर कळावं म्हणून शेजारच्या सुनेकडून परत वाचून घेते.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर सकाळची पहिली जीप धरून जव्हार गाठा. स्टँडवर भजी गरम मिळतात, चहा गोड मिळतो. पाण्याच्या बाटल्या मात्र तिथेच भरून घ्या. मे महिन्यात पुढे पाड्यावर पाणी मागणं म्हणजे कुणाचा तरी हंडा मागणं. आम्ही दोन मोठे कॅन घेतले. मनीनं ओढले, मी लक्ष ठेवलं.

जव्हारहून मोखाड्याची एसटी. मला तिकीट नाही, पंचाहत्तरी उलटल्याचा तेवढाच फायदा. कंडक्टरनं कार्ड पाहिलं. "आजी, फोटोत हसला नाहीत."

"तेव्हा तिकीट पडत होतं, बाबा."

घाट चढताना मी मनीला विचारलं, तू नेमकं करतेस तरी काय? तिनं समजावलं ते मला असं कळलं. ती जावा नावाच्या भाषेत लिहिते. फोनमधल्या ब्राउझरला ती भाषा कळत नाही, त्याला जावास्क्रिप्ट कळते. मग एक यंत्र तिचं सगळं लिखाण त्या भाषेत पालटून देतं. इथवर ठीक. आम्हीही घरी एक बोलतो आणि तहसीलला दुसरं. पण आवाज काढणं, थरथरणं, आपण कुठे आहोत ते सांगणं, ही ब्राउझरच्या घरातली भांडी. जावाला त्यांची ओळखच नाही. तेव्हा मनी जावात नुसतं नाव लिहिते. खाली काही नाही, कोरं. त्या नावाचं काम करणारं अंग पलीकडे, जावास्क्रिप्टात.

"म्हणजे नाव इकडे आणि धड तिकडे?"

"तसंच म्हण."

"आणि तू इकडून नाव घेतलंस की ते तिकडे उठतं?"

"हो आजी."

मी खिडकीबाहेर बघितलं. असल्याला आमच्यात कुणी नाव घेऊन उठवत नाही. पण कंपनी पगार देते, मी कोण बोलणार?

मोखाड्याला उतरून खोडाळ्याची जीप, तिथून सूर्यमाळची दुसरी. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल त्यानं घरी थांबावं. वर जंगल दाट आहे, पण मेमध्ये पानं झडून झाडांची नुसती हाडं उरतात. फाट्यावर उतरलो आणि जीप गेली. मग काहीच ऐकू येईना. पाखरू नाही, कुत्रं नाही. भर दुपार, आणि स्वतःची सावली पायाखाली शिरलेली. पाड्यापर्यंत अर्धा तास चढ आहे.

सोनीचं दार लावलेलं. मी हाक मारली, "सोने!" आत गप्प. पुन्हा मारली. आत काहीतरी सरकलं. तिसऱ्यांदा मारली तेव्हा कडी निघाली.

"बाय! पयल्याच हाकंला वळखला तुझा आवाज."

"मग उन्हात का उभं केलंस?"

"तीन झाल्या नव्हत्या ना."

मी तिथेच ओट्यावर बसले. इतकं सोपं होतं, आणि मला सुचलं नव्हतं. आमच्या आईनं दोघींना शिकवलेलं: एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. माणसाला काम असतं, माणूस तीनदा हाक मारतो. ते एकदाच मारतं. मी साखरशेतला सडकेच्या कडेला नांदले, दिवसभर गाड्यांचे हॉर्न, माझी सवय गेली. सोनीची कशी जाईल?

मनीनं कोनाड्यातला फोन घेतला आणि दाखवायला म्हणून बोट लावलं. "सोनीबाई, पाण्याला या," फोन बोलला. एकदाच. बाईचा आवाज, पण त्याला श्वास नाही. आपण हाक मारतो तेव्हा शेवटाला जरा उचलतो, समोरच्यानं पकडावी म्हणून. ही हाक सपाट आली आणि सपाट संपली. सोनी भिंतीला टेकली. खरं सांगते, मीही सरकले.

"फोनच आहे गं," मनी म्हणाली.

"फोन हाय ते मनाबी कळतं. फोनातून बोलतं कोन?"

मनीकडे उत्तर होतं, पण ते नाव आणि धडाचं. ते तिनं गिळलं, हे बरं केलं.

मग ती म्हणाली, "सोनी आजी, एक ओळ बदलते. तीनदा हाक मारायला लावते. मग तर उठशील?"

मला वाटलं, झालं काम. पण सोनीचा चेहरा उतरला. "नको. तीन नको शिकवू त्याला."

"का?"

"मग मी वळखू कशी?"

आणि तिनं बोटांवर मोजून सांगितलं. आंबा उतरवला त्या दिवशी एक हाक. पाहुणे आले त्या दिवशी एक. बाजाराच्या दिवशी एक. असं करत पाच. मनीनं फोनमधली नोंद काढली, कारण गेलेली प्रत्येक हाक तिथे राहते. नोंद होती चारचीच. बाजाराच्या दिवसाची नव्हती.

विहिरीवरून पाळीप्रमाणे फोनची हाक सोडणारी वनिता शेजारीच राहते. तिला बोलावलं. ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी टँकर आलाच नव्हता, मावशी. आणि सोनीमावशींचा फोन माझ्याकडे होता चार्जिंगला. यांच्या घरात लाईट नव्हती."

मनीनं नोंद पुन्हा बघितली. मग पुन्हा.

"ती कोनाड्यातून नाय आली," सोनी भाकर थापता थापता म्हणाली. "मागच्या दारानं आली."

वनितानं मागच्या दाराकडे पाठ होती ती फिरवून घेतली. आम्ही नागलीची भाकर आणि सुकट जेवलो. चव उत्तम होती. सूर्यमाळला कुणी जेवायला बसवलं तर लाजू नका, भांडी मात्र राखेनं घासा, पाण्यानं नाही.

दुपारभर मनी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. ती म्हणाली, आवाज काढूनच टाकते. ब्राउझरकडे आणखी एक भांडं आहे, थरथर. जावात तिनं नवं कोरं नाव मांडलं, त्याचं अंग पलीकडे लिहिलं. त्यात आधी विचारायचं, बाबा, तुझ्याकडे थरथर आहे का? नसेल तर गुपचूप परत यायचं, दंगा करायचा नाही. हा शिष्टाचार मला आवडला. तिनं आधी स्वतःच्या फोनवर करून पाहिलं. काहीच नाही. तिच्या एवढ्या महागड्या फोनच्या ब्राउझरात तो गुणच नव्हता! सोनीचा डबडा फोन मात्र रेड्यासारखा थरथरला. मी इतकी हसले की सोनीही हसली, आणि त्या दिवसातलं तेवढंच हसू.

पण कोनाड्यात ती थरथर कुणाला ऐकू येणार? सोनीनंच फोन उचलून रिकाम्या हंड्यात टाकला. मनीनं बाहेरून कळ दाबली, आणि हंडा घुमला. पितळेचा पोकळ आवाज, पोटातून आल्यासारखा. त्यात कुणाचं नाव नव्हतं.

"हे चालेल," सोनी म्हणाली. "ह्याला ओ द्यावी लागत नाय."

एक अट राहते. सकाळी फोनला एकदा बोट लावावं लागतं, त्याशिवाय ब्राउझर ना बोलत ना थरथरत. सोनीला ते लगेच पटलं. चुलीलाही सकाळी आधी हात लावतोच की.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी आणि मनी मुद्दाम मागच्या अंगणात बसलो, सोनीला काही सांगायचं नाही असं ठरवून. वाट पाहता पाहता माझी सुपारी संपली. लहानूचा फोन येऊन गेला, "काय झालं मावशी?" मी म्हटलं, थांब. आणि आत हंडा घुमू लागला. सोनी उठली, फोन काढून कोनाड्यात ठेवला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलून वाटेला लागली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. आम्ही मागोमाग गेलो. विहिरीवर वनिता ओरडली, "आल्या गं, सोनीमावशी आल्या!" दोन खेपांत दोन हंडे मिळाले. मी लहानूला सांगितलं, खोली दुसऱ्या कुणाला दाखव.

निघताना सोनीनं मनीला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "माझं नाव त्यातून काढलंस ना? पुरतं?" मनीनं तिच्यासमोर यादी उघडून नाव पुसलं. हंड्याचं चित्र ठेवलं तिथे. आम्हा दोघींना वाचता येत नाही, पण चित्र दोघींनी ओळखलं.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. सूर्यमाळला जावं का म्हणाल, तर जावं. हवा थंड, माणसं गोड, पाणी स्वतःचं न्यावं. मनीच्या कंपनीनं थरथर सगळ्यांसाठी ठेवली आणि ती शहाणी ठरली. माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहिली आहे. आधी सोनीला शंका तरी होती, हाक फोनची की दुसऱ्या कुणाची. ती शंका आम्ही काढून घेतली.

परवा तिला फोन लावला. "पाणी मिळतं का गं?"

"मिळतं की. एक पाळी नाय चुकली."

"आणि ती हाक?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"येते. दोनदा आली, एकेक करून."

"मग?"

"मग काय, बाय? आता ठाव हाय ना, ती तुमची नाय."